क्लेमेंटचा उद्या

६ मे १९९७, मंगळवार. रुपये सात हजार चारशे पंचवीस.

एवढ्या खर्चात मार्सेलने निर्मळ गावातल्या वाडीत भिंत घातली आणि त्याचा चुलतभाऊ क्लेमेंट याची विहिरीकडे जायची वाट बंद केली. विहीर दोघांच्या आजोबांनी खणलेली, पण वाट मार्सेलच्या बाजूने जात होती. मी क्लेमेंटचा शाळासोबती. त्या दिवशी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. खर्चाचा आकडा खुद्द मार्सेलनेच भिंतीपलीकडून ऐकवला.

"साडेसात हजार धरले होते, पंच्याहत्तर वाचले," तो म्हणाला. "तुला पंचायतीची नोटीस आली होती ना रे? हरकत घ्यायला पंधरा दिवस होते."

"ग्रामसेवकाला मी सांगितलं होतं, उद्या येतो म्हणून."

"मग तुझा उद्या आला की पाड भिंत."

गवंडीसुद्धा हसले. क्लेमेंटची बायको सेलिन घरातून बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली आणि तिने तो आमच्यासमोर उपडा केला. वर नोटीस होती. खाली विजेची दोन बिलं, चष्म्याची चिठ्ठी, त्यांच्या मुलीच्या, फ्लॉसीच्या, शाळेचा फॉर्म. सगळे 'उद्या'चे कागद.

"पंधरा दिवस रोज सांगत होते," ती म्हणाली. "आता पाणी कुठून भरू? तुमच्या उद्यातून?"

क्लेमेंट आळशी नव्हता. पहाटे चारला उठून केळीची पानं कापायचा आणि उजाडायच्या आत सायकलवर भाजी लादून बाजारात पोचायचा. फक्त कागद आणि कचेरी म्हटलं की त्याचे हातपाय गळायचे. सही करायची, रांगेत उभं राहायचं, साहेबाला चार शब्द विचारायचे, हे सगळं तो उद्यावर टाकायचा. मार्सेलला हे लहानपणापासून माहीत होतं. त्या भरवशावरच त्याने भिंत घातली.

दुसऱ्या दिवशी क्लेमेंट पंचायतीत गेला. "मुदत संपली," एवढंच उत्तर मिळालं. घरी येऊन त्याने तो रिकामा डबा पेरूच्या झाडाला, भिंतीकडे तोंड करून, खिळ्याने ठोकला. मला म्हणाला, "दिना, आजपासून एक नेम. घरात आलेला कागद चर्चची पुढची घंटा व्हायच्या आत मार्गी लागला पाहिजे."

घंटा दिवसातून तीनदा व्हायची. सुरुवातीला त्याची फार तारांबळ उडाली. एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला तो तालुक्याच्या कचेरीसमोर जाऊन उभा राहिला होता. विजेचं बिल तर दोनदा भरलं. पण नेम मोडला नाही. कंटाळा आला की तो पेरूखाली जाऊन डब्याकडे बघायचा, मग भिंतीकडे, आणि सायकल काढायचा. सुधारायची इच्छा वगैरे काही नव्हती. राग होता, आणि त्याने तो रोज वापरला. वर्षभरात गावातली माणसं कचेरीचं काम निघालं की क्लेमेंटला बरोबर नेऊ लागली.

फादरांनी एका रविवारी त्याला बाजूला घेतलं. "क्लेमेंट, मार्सेलला क्षमा कर."

"करीन ना फादर," क्लेमेंट म्हणाला. "उद्या."

त्या एका कामासाठी त्याने हा शब्द राखून ठेवला होता.

१९९९ साली कसल्याशा अर्जासाठी त्याने सातबारा काढला. पाहतो तर सगळी वाडी अजून दोघांच्या नावावर, एकत्र. वाटणी तोंडी झाली होती. ती कागदावर चढवायचं काम मार्सेलने अंगावर घेतलं होतं आणि वीस वर्षं तेही उद्यावर राहिलं होतं! क्लेमेंटने मला उतारा दाखवला.

"सांगणार त्याला?" मी विचारलं.

"त्याने विचारलं कुठे?"

उतारा प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याने पेरूवरच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात पुन्हा गेलेला तेवढाच कागद. हे पुढे ढकलणं नव्हतं, दबा धरून बसणं होतं.

तीन वर्षांनी, २००२च्या मे महिन्यात, मार्सेल केकचा खोका घेऊन क्लेमेंटच्या ओट्यावर आला. आपला अर्धा भाग त्याने विकायला काढला होता. इसार घेतला होता, त्यातून गाडीही घेतली होती. आता खरेदीदाराच्या वकिलाने सातबारा पाहून क्लेमेंटची सही मागितली होती. शनिवार, १८ मे, संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर व्यवहार मोडला, इसार परत. मार्सेलच्या हातात पंधरा दिवस होते.

"एक सही रे, भाऊ."

क्लेमेंटने चष्मा पुसला. "उद्या."

त्यानंतर रोज सकाळी बरोबर दहाला, इस्त्रीचा शर्ट घालून, तो भिंतीपाशी जायचा आणि हाक मारायचा, "मार्सेल! आज नाही. उद्या." एक दिवस चुकला नाही, एक मिनिट उशीर नाही. मी दोनदा रजा टाकून ते बघायला गेलो. रजा सार्थकी लागली.

शुक्रवारी मार्सेल भिंतीवर दोन्ही हात टेकून उभा होता. चेहरा उतरला होता. "काय पाहिजे तुला? आकडा बोल."

"उद्या फ्लॉसीचं पाणी आहे."

फ्लॉसी आता मोठी झाली होती. तिचं लग्न रविवारी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत घरच्या विहिरीचं पाणी आणायचं आणि त्याने नवरीला न्हाऊ घालायचं, अशी त्यांच्यातली रीत.

"पंचायतीचा नळ आहे की."

"नळाच्या पाण्याने तू तुझी गाडी धू."

मार्सेलने भिंतीवरचे हात काढून घेतले. मग म्हणाला, "पाड. मजुरी मी देतो."

शनिवारी सकाळी दोन मजुरांनी भिंत पाडली. मजुरी तीनशे. मजूर थांबेनात म्हणून क्लेमेंटने पदरची दिली. चार वाजता बँड निघाला. पुढे सेलिन, डोक्यावर कळशी, मागे लाल लुगड्यांतल्या बाया. विटांच्या ढिगावरून चालताना सेलिन मुद्दाम सावकाश चालली. मार्सेल घड्याळ हातात धरून वाटेच्या कडेला उभा होता.

पाणी घरात आलं, मग क्लेमेंट वकिलाकडे गेला. वाटेचा हक्क कागदात लिहून घेतला, प्रत्येक पान दोनदा वाचलं आणि पाचाला सात मिनिटं कमी असताना सही केली. मार्सेलच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

बाहेर आल्यावर क्लेमेंटने मजुरीचे पैसे मागितले. मार्सेलने खिसे चाचपले आणि दोनशे पंचवीस काढून दिले.

"बाकीचे उद्या देतो," तो म्हणाला.

क्लेमेंटचे पंच्याहत्तर रुपये मार्सेलकडून अजून येणे आहेत.