आईंना ऐकू आलेलं घोरणं

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी कर्जतला शाळेत विज्ञान शिकवते, श्वसनसंस्था फळ्यावर काढून दाखवते... त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही कळंबला राहतो. माझा नवरा संदीप कर्जत–कशेळे जीप चालवतो. त्याचं घोरणं भयंकर. घोरता घोरता एकदम गप्प व्हायचा, छाती वरखाली होत राहायची पण श्वास नाही — मग दचकून मोठा श्वास घ्यायचा. आम्ही हसायचो. एकदा भरदुपारी, भरलेली जीप चालवताना त्याला डुलकी लागली आणि जीप शेताच्या बांधावर चढली. कुणाला काही झालं नाही, पण आमचं हसू गेलं.

तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार. झोपताना हवा देणाऱ्या मशीनचा मास्क त्याला सोसेना. मग डॉक्टर मॅडमनी झोपेचं औषध देऊन नाकातून दुर्बीण घातली आणि मला स्क्रीनवर दाखवलं — टाळूचा मागचा मऊ भाग आणि सुजलेले टॉन्सिल मिळून घसा अक्षरशः मिटत होता.

"टॉन्सिल काढू, टाळू ताणून शिवू," त्या म्हणाल्या. "पण सुरुवातीला सूज असते. तेव्हा जपायचं."

खालापूरजवळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन नीट झालं. सासूबाई, म्हणजे आई, घरीच होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी संदीपला झोप लागली, म्हणून मी खाली कँटीनमध्ये गेले. पहिला घास घेतेय तोच आईंचा फोन.

"अगं, त्याला उठव! घोरनं थांबलं त्याचं!"

"आई, तुम्ही घरी आहात ना? कुणाचं घोरणं?"

"तू काय बोलते ते मला ऐकू नाय येत. तू आदी जा गं, उठव त्याला!"

आईंना खरंच फार कमी ऐकू येतं. फोनवर त्या नुसत्या बोलतात. पण तो आवाज... मी ताट तसंच टाकून जिना चढले.

संदीप उशीवरून खाली घसरला होता. ऑक्सिजन मोजणारी बोटाची क्लिप निघालेली, मशीन पिपी करत होतं — पण क्लिप सकाळपासून सारखीच निघत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. छाती हलत होती. नाकापुढे हात धरला... काहीच नाही! ओठ निळसर. मी किंचाळले. सिस्टरनी धावत येऊन त्याचा जबडा वर उचलला, मॅडमनी नाकातून नळी सरकवली. मग खरखरत एक श्वास आला.

"सूज, आणि वर दुखण्याच्या औषधाची गुंगी," मॅडम म्हणाल्या. तेवढं मला कळलं.

घरी आल्यावर आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पडवीत तांदूळ निवडत व्हते. आतून घोरायचा आवाज येत व्हता. मंग थांबला. परत सुरू व्हयना. आत जाऊन बगते तर खाट रिकामी."

काळजीमुळे भास झाला म्हणावं, तर नेमका त्याच वेळी कसा? आणि शेजारी बसूनही ज्यांना त्याचं घोरणं कधी धड ऐकू आलं नाही, त्यांना? मी खूप डोकं चालवलं. अजूनही चालवते.

संदीप आता शांत झोपतो, पुन्हा जीपवर जातो. पण एखाद्या दुपारी काम करता करता आई मान वर करतात, रिकाम्या खोलीकडे बघतात आणि मला हातानेच गप्प राहायला सांगतात. मला काहीच ऐकू येत नाही. मी लगेच संदीपला फोन लावते... आणि तो उचलेपर्यंत श्वास माझा अडकलेला असतो.