मास्टर गेजच्या कपाटातली डिस्क

माझी वहिनी कारखान्यात येणार म्हटलं की माझं डोकं फिरायचं. घरी तिचा शब्द मी खाली पडू देत नाही, ते वेगळं. पण इथे फोरमन मी आहे! आठ मशीन, बावीस माणसं आणि दिवसभर पंपाचे शाफ्ट. यात तिचं काय काम?

तिचं काम म्हणजे कुलपं. लोखंडाची नव्हेत, कॉम्प्युटरची. छोट्या कारखानदारांच्या संघटनेने तिला त्यासाठीच ठेवलंय, चौदा कारखाने तिच्याकडे. पाठीला बॅग, पायात सेफ्टी शूज आणि आल्या आल्या एकच प्रश्न: "हा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" सगळे तिला कुलूपबाई म्हणतात. नाव मीच पाडलंय, उगाच कशाला लपवू?

आधी ती स्प्रिंगच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. सतरा वर्षं. एका सकाळी कुणीतरी लांबूनच तिथले सगळे कॉम्प्युटर बंद पाडले आणि ते उघडायचे पैसे मागितले. मालकाने दिलेही, पण फायली काही परत आल्या नाहीत. चार महिन्यांत कारखान्याला टाळं लागलं. वहिनी आठवडाभर घरातच बसून होती. मग वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी उठली आणि मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर वर्गात जाऊन बसली. "ते आत शिरले कुठून, एवढं मला कळायलाच हवं," म्हणायची. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच.

आमच्याकडे आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने दोन गोष्टी सांगितल्या. मशीन दुरुस्त करणारे लोक त्यांच्या ऑफिसात बसून ज्या वाटेने आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतात, त्या वाटेचा पासवर्ड बदला. तो होता मशीनच्या पाटीवरचा नंबर, आणि त्या पाटीचा फोटो आमच्याच जाहिरातीत छापलेला! दुसरं, दर शनिवारी मशीन चालवायचे सगळे प्रोग्राम आणि ड्रॉइंग एका डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून आत ठेवा.

"काढायची कशाला? राहू दे की लावलेली," मी म्हणालो.

"भावजी, मास्टर गेज तुम्ही मशीनवर पडून राहू देता का?"

आता मास्टर गेज म्हणजे ज्यावर बाकीची गेजं तपासतो ते माप. मखमलीच्या पेटीत, कुलपाच्या कपाटात, किल्ली तपासणीच्या बाईंकडे. मला द्यायचं तरी बाई वहीत सही घेतात, आणि हा नियम माझाच. मी निमूटपणे डिस्क त्या कपाटात ठेवायला लावली.

पासवर्डचं मात्र जमेना. वहिनीने लावलेला लांबलचक पासवर्ड दुरुस्तीवाल्यांना फोनवर सांगता सांगता माझी जीभ वाकडी व्हायची. तिसऱ्या खेपेला मी वैतागलो आणि गुपचूप जुना नंबर परत लावून टाकला.

मंगळवारी सकाळी आठला ऑफिसमधला कॉम्प्युटर लावला तर पडदाभर एकच मजकूर: तुमच्या फायली आमच्या ताब्यात आहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गुरुवारी दहा वाजता पंप कंपनीचे इन्स्पेक्टर यायचे होते. त्यांच्यासमोर शाफ्ट बनवून दाखवायचा. पास झाला तर तीन वर्षांचं काम, नाहीतर दुसरी पाळी बंद आणि अकरा माणसं घरी. आणि मशीनला द्यायला एकही प्रोग्राम जागेवर नाही.

वहिनी वीस मिनिटांत हजर. "आधी वायरी काढा. सगळ्या."

मालक घामाघूम. "निदान विचारून तर पाहू, किती मागतात."

"साहेब, एकदा पाहिलंय मी ते. त्यांच्याशी बोलायचंच नाही. आपल्याकडे मास्टर आहे."

मला राहवेना. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "वहिनी, तो जुना नंबर मी परत लावला होता."

तिने ते लगेच टिपून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. ते शिरले ते दार शोधण्यात माझे दोन दिवस गेले असते. बोलणी घरी खा."

मग ती कामाला लागली. तक्रारीसाठी पडद्यांचे फोटो काढले, एकेक कॉम्प्युटर पार कोरा केला, नव्याने उभा केला. तोवर डिस्कला हात लावू दिला नाही. बुधवारी दुपारी तपासणीच्या बाई डिस्क दोन्ही हातांत धरून घेऊन आल्या, वहीत वहिनीची सही घेऊनच दिली. वहिनीने ती आधी आपल्या लॅपटॉपवर उघडली. तीनशे बारा प्रोग्राम, सगळे शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मला आठवलं. शाफ्टच्या प्रोग्राममध्ये मी सोमवारी बदल केले होते, आणि डिस्क शनिवारची.

"काय बदललं होतं?" वहिनीने विचारलं.

मशीनच्या दारावर मी खडूने तीन आकडे लिहून ठेवले होते, खाली ‘पुसू नये’. या सवयीवरून तिने माझी किती टर उडवली होती! मी आकडे वाचले, तिने टाइप केले. मशीन सुरू झालं.

गुरुवारी दुसऱ्या पाळीची अकराही माणसं सकाळीच येऊन भिंतीला लागून उभी राहिली. इन्स्पेक्टरांनी पहिला शाफ्ट उचलला, गेज घातलं. अलगद बसलं. पाच शाफ्ट तपासले, पाचही पास. त्यांनी सही केली आणि मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "कुलूपबाईंचा विजय असो!" मग जो गलका झाला, त्यात मशीनचा आवाजसुद्धा ऐकू येईना. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होतो. तिचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

वहिनीने डोळे पुसले. "तिथे सतरा वर्षं काढली, पण तो कारखाना मला वाचवता आला नाही, भावजी. हा वाचला."

मग नाक ओढून तिने बॅग उचलली. "त्या वाटेला नवा पासवर्ड लावलात ना? काय ठेवलात?"

"नाही सांगणार."

"अहो, मला सांगायला काय हरकत आहे?"

"तुम्हालाही नाही, वहिनी. कुणालाच नाही."

ती अशी हसली की मालक केबिनमधून डोकावले. "चला, इथलं माझं काम झालं," म्हणाली आणि पुढच्या कारखान्याकडे निघाली.