लाइनमन बराबर चढला

कुणाचंही तान्हं बाळ दिसलं की सर आधी त्याची मूठ उघडत. चेहरा नंतर. बोटं मोजून झाली की आईला सांगत, "बराबर हाय. लाइनमन नीट चढला." तुम्ही तिथं असता तर तुम्हीही विजेच्या खांबाकडे पाहिलं असतं.

वाटूरला ते आमचे शेजारी. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या डाव्या हाताला सहा बोटं होती आणि लपवायचं सोडून ते तोच हात फळ्यावर टेकवून शिकवत.

सरांचा लाइनमन म्हणजे अ जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारं रेटिनॉइक ॲसिड. ते समजावत, "जनुकं म्हंजी गल्लीतले दिवे. हा बाबा पेशीत शिरून ठरवतो, कोणता लावायचा अन् कोणता न्हाई. अंड्यातल्या पिल्लाला पंखाचा कोंब फुटला अन् ह्याला चुकीच्या कडेला बसवलं, तर बोटं दुप्पट! आरशात बघितल्यावानी." मी मराठीचा मास्तर, मान डोलवायचो.

माझ्या बहिणीच्या, सोनीच्या केळवणाला सरही पंगतीत होते. सोनीने ठेच्याचा घास घेतला आणि ओठ धरून कळवळली. ओठ पार सोललेले. सर हातचा घास ठेवून म्हणाले, "पोरी, काय औषध घेऊन राह्यलीस?"

"पिंपलच्या गोळ्या. लग्नाचे फोटो चांगले यावेत म्हणून."

सरांनी पाकीट मागवलं, वाचलं आणि भर पंगतीत आशीर्वाद दिला, "लेकरू जल्दी होऊ देऊ नको!"

आत्याच्या हातातली पळी हवेतच राहिली. आई कडाडली, "सर, केळवणात तरी शुभ बोला!"

"शुभच बोलून राह्यलो, वहिनी. ह्या गोळ्या त्याच लाइनमनच्या भावकीतल्या. दिवस गेल्यावर पोटात गेल्या, तर कुठली बी तार कुठं बी जोडतील. लेकरू जन्माचं अधू व्हईल. आधी गोळ्या बंद. मंग महिनाभर तरी दम धरा, अन् डॉक्टरला विचारा."

आई लग्नापर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. सोनीने मात्र गोळ्या सोडल्या आणि नवऱ्यालाही सगळं सांगितलं. पुढे मुलगी झाली. बारशाला सरांनी तिची मूठ उघडली. त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली. "बराबर!" आईने घुगऱ्यांचा पहिला द्रोण त्यांच्याच हातात दिला.

सर गेले तेव्हा भाची शाळेत जायला लागली होती. अंगणात त्यांना ठेवलं होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. ती त्यांच्याजवळ बसली, त्यांची डावी मूठ हळूच उघडली आणि एकेक बोट मोजलं.

"मामा, सहाच्या सहा. बराबर हाय."