वाऱ्यात वाजणारं गवत
कापलेल्या गवताचा ओला वास आला की मला मुलुंडच्या आमच्या इमारतीमागची ती सकाळ आठवते. काचबिंदूने माझ्या नवऱ्याची नजर जवळजवळ गेली होती, तेव्हा हे म्हणाले, "फुलझाडं आता कोणासाठी गं? गवत लावू, वाऱ्यात वाजणारं." विक्रोळीच्या नर्सरीत ह्यांनी एकेक कुंडी कानाशी धरून हलवली आणि लांब पात्यांचं, तुरे येणारं एक गवत निवडलं. आमच्या तळमजल्याच्या खिडकीखाली ते लावलं. पावसाळा सरेपर्यंत ते कमरेएवढं झालं, आणि हे रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून ऐकत बसायला लागले. मग एके सकाळी मी भाजी घेऊन परतले, तर सोसायटीच्या माणसांनी रान समजून सगळं कापलं होतं, मुळंही उपटली होती. "इथे पेव्हर ब्लॉक बसणार आहेत काकू, नोटीस लावली होती ना," सेक्रेटरी म्हणाले. हे त्या उकरलेल्या मातीत गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाचपत होते. "अहो, दुसरं आणू," मी म्हणाले. "नको. ते गवतसुद्धा दिसत नव्हतंच मला, पण आहे एवढं कळत होतं." आता तिथे स्कूटर उभ्या असतात आणि हे आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत. काल जेवताना ह्यांनी विचारलं, "दिवा का नाही लावलास?" बाहेर लख्ख दुपार होती. "लावते हं," मी म्हणाले, आणि उठून बटण दाबलं.