मामांचं लक्ष दाराकडे

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून मामांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. "मामा, काय चव आहे हो तुमच्या हाताला! ऑफिसात फायली कसल्या चिवडताय? शेफ व्हा शेफ!" असं वर्षानुवर्षं ऐकलं की कोणालाही ते खरं वाटू लागतं. मामांना तर जरा लवकरच वाटलं. त्यांनी पंधरा दिवसांची रजा काढली आणि एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारी धरली. रविवारी रजा संपत होती. सोमवारी एक तर राजीनामा, नाहीतर पुन्हा त्याच फायली. मामींचा जीव टांगणीला लागला होता, पण त्या एवढंच म्हणाल्या, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. पडा एकदाचे."

मामांचा हात खरोखरच चांगला होता. शेफ तोंडाने कधी कोणाला बरं म्हणत नसे. मामांची ताटली बघून तो मुकाट्याने पुढे जायचा, म्हणजे पास. खोड होती ती एकच. स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच होती आणि ताटली बाहेर गेली की मामांची मान तिकडे वळायची. घरी ते वाढून झालं की उभं राहून खाणाऱ्यांची तोंडं बघत. पहिल्या घासाला कोणाची भुवई वर गेली की यांचं पोट भरलं! शेजारच्या शेगडीवर काम करणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मामा, मान इकडे. बाहेरचे तुमचे पाहुणे नाहीत."

रविवारी दुपारी हॉटेल खचाखच भरलं. शेफ ओरडत होता, "चार मासे, दोन सूप!" त्यावर "हो शेफ" याखेरीज शब्द नाही. घामाने डोळे चुरचुरत होते, एका ऑर्डरवर दुसरी आदळत होती, पण मामा डगमगले नाहीत. आज जमलं तर जमलं, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. तेवढ्यात वेटरने दारातून डोकं आत घातलं.

"मामा, खिडकीजवळचं टेबल विचारतंय, मासा कोणी केला? भेटायचंय म्हणतात."

मामांचा पॅन तेल घालून शेगडीवर तापत होता. "आलोच," असं ते कोणाला म्हणाले कोण जाणे. हात पुसून बाहेर पडलेसुद्धा. एक आजोबा म्हणाले, "असा मासा जन्मात खाल्ला नाही!" मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजींनी कृती विचारली. तीही सांगितली, अगदी सविस्तर.

हसतच ते परतले आणि जळका वास नाकात शिरला. पॅनने पेट घेतला होता. ताईंनी झाकण टाकून आग विझवली होती, पण त्यात त्यांचा हात भाजला होता. तो त्यांनी नळाखाली धरला होता. मामांच्या जागी उभा राहून शेफ मामांचेच मासे परतत होता. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, मी..."

"मला काय सांगताय? मासे बघा! शेफने किती वेळ तुमचं काम करायचं?"

मामा शेगडीपाशी उभे राहिले. शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. सगळं आवरल्यावर शेफ जवळ आला.

"हात चांगला आहे तुमचा. आत्ता दाराकडे पाठ करून राहिलात, तसं रोज जमेल?"

मामांच्या तोंडाशी 'हो' आलं होतं. पण पलीकडे ताई हाताला मलम लावत बसल्या होत्या.

"खरं सांगू शेफ? मान वळवली नाही, पण सगळा जीव त्या दारातच होता."

शेफने मान डोलावली आणि ॲप्रनसाठी हात पुढे केला.

मामी घराच्या दारातच उभ्या होत्या. "काय झालं? कोणी कौतुक केलं की नाही?"

"केलं की," मामा म्हणाले. "म्हणून तर सोडून आलो."

आणि एवढा मोठा माणूस, चपला न काढता उंबऱ्यातच रडायला लागला.