अर्ध्या वेलीचा पाट

नक्षी हा शब्द मूळचा अरबी. 'नक्श' म्हणजे ठसा, उमटलेली खूण. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. नकाशाही त्याच घरातला. हे मी फार पुढे शब्दकोशात वाचलं. त्याआधी नक्षी म्हणजे नुसती शोभा, असंच मला वाटायचं.

पन्नास सालानंतरचे दिवस. आमच्या मिठबावात पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या की माझा काका लाकूड कोरत बसे. काकी गरोदर राहिली तेव्हा तिच्या ओटीभरणासाठी त्याने फणसाचा पाट घेतला आणि त्यावर वेल कोरायला लागला. वेल अर्ध्यावर आली आणि काकी सातव्या महिन्यातच गेली. पाट माळ्यावर पडला. काकाने पुन्हा पटाशी हातात धरली नाही.

दोन वर्षांनी गणपतीच्या पाटाला वाळवी लागली. आमच्याकडे घरचा पाट आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे द्यायचा, मूर्ती त्यावरच घडते. काका कुडाळच्या बाजाराला गेला होता. "तेच्यार कोणी बसूक नाय, सोवळो आसा," म्हणत आईने माळ्यावरचा पाट काढायला लावला. पुसून दिला मीच. काकाला विचारावं असं दोघींच्याही मनात आलं, पण जुनं कशाला उकरा म्हणून गप्प बसलो. खरं तर त्याच्या तोंडाकडे बघायची आमची छाती नव्हती.

चतुर्थीला बाबांबरोबर काका मूर्ती आणायला गेला. मातीखालून डोकावणारं पान त्याने ओळखलंच असणार. गणपती डोक्यावर घेऊन तोच आला. त्याच्या पायांवर पाणी घालताना आईने मान वर केली नाही. मोदक आम्हा दोघींच्या पानात तसेच राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि राग मात्र आईचा येत होता.

दीड दिवसाने विसर्जन. काकाने समुद्रात पाट कलता केला, मूर्ती आडवी झाली, आणि तिच्या तळाच्या मातीवर ती अर्धी वेल पानन्‌पान उमटलेली मला काठावरूनही दिसली. माती विरघळेपर्यंत काका तिथेच पाण्यात उभा राहिला.

मग रिवाजाप्रमाणे पाटावर ओली वाळू घेऊन तो घरी आला. पाट आईपुढे ठेवून म्हणाला, "ती बसूक नाय, वयनी. देव तरी बसलो."

आई तिथेच रडली. पुढे दर वर्षी ती आधी त्याला विचारायची, "भावजी, पाट धाडू मां?" तो "धाड" म्हणायचा. उरलेली बाजू त्याने कधी कोरली नाही, आणि कोर म्हणायचं तोंड आम्हाला नव्हतं.