आधी नळ, मग इंजिन

“बंद करताना आधी नळ, मग इंजिन,” असं म्हणून ते दोन बोटं वर करायचे. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला आमच्या तीन वॉटर स्कूटर भाड्यानं फिरायच्या. मी तिकिटं फाडायचो, ते यंत्रं सांभाळायचे. बिबवेवाडीत उभा जन्म दुचाक्या दुरुस्त करून साठीनंतर इकडे आलेला माणूस. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

दिवसभर गढूळ पाण्यात फिरलेली स्कूटर संध्याकाळी ट्रॉलीवर ओढली की आतून धुवायला पाइप जोडायचा. इंजिन सुरू झाल्यावरच नळ सोडायचा आणि थांबवताना नळ आधी बंद करायचा. उलटं झालं की पाणी थेट इंजिनात. मग जाळीत अडकलेली जलपर्णी हातानं ओढून काढायची, मागची दोन बुचं काढून पोटातलं पाणी सोडायचं. सकाळी ती बुचं काका स्वतः घट्ट बसवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

गिऱ्हाइकांशी बोलणं आपल्या पुणेरी वळणाचं. एका कॉलेजकुमारानं विचारलं, “काका, ही किती पळते?” काका म्हणाले, “बुडेपर्यंत.” तो निमूट जॅकेट घालून बसला. काकांना स्वतःला पोहता येत नव्हतं. काठावर स्कूटर धुतानाही जॅकेट अंगात असायचं. आम्ही हसायचो, ते लक्षही द्यायचे नाहीत.

एका संध्याकाळी काकांनी इंजिन बंद केलं आणि नळ तसाच चालू. मी धावत जाऊन बंद केला, पण व्हायचं ते झालं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. “हे मी केलं?” एवढंच म्हणाले. मालकांना मी सांगितलं की चूक माझी. त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं आणि मला वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं मी! कसलं पुण्य हो! माणूस विसरायला लागलाय हे मला दिसत होतं आणि मीच ते झाकून ठेवलं.

महिन्याभरात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर स्कूटरवर बसली. स्कूटर मध्यावर जाऊन थांबली तशी मागून खचायला लागली. बुचं लावलेलीच नव्हती. दोघं पाण्यात पडले. जॅकेटं होती, आमची बोट वेळेत पोहोचली, म्हणून वाचले. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ती काठावर थरथरत उभी होती आणि काकांना तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी खिशातून दोन बुचं काढून मालकांपुढे ठेवली, आधीचं इंजिनही आपणच बिघडवल्याचं सांगितलं आणि बस पकडून निघून गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या घरी जायला मला वर्ष लागलं. धीरच होत नव्हता. काकूंनी दारातच सांगितलं, ते आता कुणाला ओळखत नाहीत. मी नाव सांगितलं, धरणाचं सांगितलं, स्कूटरचं सांगितलं. परक्याशी हसावं तसं ते हसले. मग एकदम पुढे वाकून त्यांनी विचारलं, “ती मुलगी सापडली का?”

“सापडली की, काका. तेव्हाच सापडली.”

“बरं झालं,” म्हणून त्यांनी डोळे मिटले. चहा येईपर्यंत तेच आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेवढ्याच काळजीनं. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग मला तिथं बसवेना. बाहेर येऊन चपला घालत होतो, तर आतून हाक आली.

“अहो, ती मुलगी सापडली का?”